शिळं ऊन

ऊन शिळं होतं का, या प्रश्नावर आमच्या निपाणीच्या घरात जवळजवळ वर्षभर वाद चालला होता. वाद घालणारी माणसं दोनच, माझे चुलते आणि माझी चुलती. मी ऐकणारा. पण सीमाभागात ऐकणाऱ्यालाही कोणती तरी बाजू घ्यावी लागते. ती मी घेतली, आणि जेवणाच्या वेळा पाहून बदललीही.

चुलत्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीला लागले तेव्हा मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात गेले आणि निवृत्त झाले ते कर्नाटकात. एवढा प्रवास त्यांनी खुर्चीवरून न उठता केला. जागचा न हलता माणूस कुठल्या कुठं पोचू शकतो यावर त्यांचा विश्वास बसला तो बहुधा तेव्हापासून. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं भरपूर वेळ, एक पान्हा, आणि खात्यात कुणालाच नको असलेले पाइपांचे तुकडे उरले होते. अशा माणसाच्या हातून काहीतरी घडणार, हे शेजाऱ्यांनाही कळत होतं.

मी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं निपाणीला यायचो. अण्णा-काकींना मूल नव्हतं. शिक्षणासाठी म्हणून लहानपणी मला त्यांच्याकडं ठेवलं, ते नंतर परत न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळं ते घर माझंच होतं.

काकी माळकरी. पहाटे उठायची, परसातल्या आडाचं पाणी शेंदायची, तांब्याचा बंब भरायची, तो पेटवायची, आंघोळ करायची, आणि मग देवपूजा. त्याआधी चहाचा घोट नाही. बंबाचं जळण म्हणजे शेणी आणि तुरकाट्या. न्हाणीघराला खिडकी एक, तीही हातभर. त्या कोंडलेल्या जागेत रोज पहाटे धुराचा एक ढग तयार व्हायचा आणि त्या ढगात बसून काकी खोकायची. तिला दमा होता. थंडीत तो इतका वाढायचा, की आंघोळ करून बाहेर आली की न्हाणीच्या उंबऱ्याला धरून ती बराच वेळ उभी राहायची आणि तिच्या छातीतली शिट्टी आम्हाला मधल्या खोलीत ऐकू यायची.

अण्णांनी तिला बेळगावला, कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर मिलिटरीतून निवृत्त झालेले होते आणि बोलण्याच्या बाबतीत अजून रेशनवरच होते. छाती तपासून ते म्हणाले, ‘‘धूर बंद. औषध नंतर.’’ अण्णांनी आणखी काही विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘धूर बंद नाही, तर औषध कशाला?’’

स्वयंपाकघरात धुराडं होतं आणि ते चांगलं ओढायचं. अण्णांनी न्हाणीघरालाही धुराडं बसवलं. पण ती बाजू पश्चिमेची. वारा धुराड्यातून आत शिरायचा आणि सगळा धूर परत काकीच्या पदरात घालायचा. पाणी तापवायची विजेची कांडी आणली, तर आमच्याकडं विजेचा दाब असा, की वायर गरम व्हायची आणि पाणी तसंच राहायचं. गॅससाठी नाव नोंदवलं होतं. त्याचा नंबर आमच्या नातवंडांच्या हयातीत लागेल असं दुकानदार प्रामाणिकपणे सांगायचा. तेव्हा अण्णांनी ठरवलं, की पाणी उन्हावर तापवायचं.

का तापवायचं, हे मात्र त्यांनी कुणाला सरळ सांगितलं नाही. बायकोच्या दम्यासाठी आपण काही करतो, हे चारचौघांत म्हणणं त्यांच्या पिढीच्या पुरुषाला जमण्यासारखं नव्हतं. राष्ट्रासाठी करतो म्हणणं त्या मानानं सोपं. त्यामुळं कट्ट्यावर, केशकर्तनालयात आणि पोस्टाच्या रांगेत अण्णा सांगायचे, की तेल संपत आलंय, जंगल संपत आलंय, देशाला आता सूर्याशिवाय तरणोपाय नाही. ऐकणारे मान डोलवायचे. देशाला तरायला आमच्या परसातून सुरुवात करावी लागणार याचं कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या भागात प्रत्येक गल्लीला आपण देशाच्या मधोमध आहोत असंच वाटतं.

पहिलं यंत्र थंडीच्या अखेरीला तयार झालं. एक मोठी लाकडी पेटी, आत पत्र्याला जोडलेले पाइप, त्याला शाळेच्या फळ्याचा काळा रंग, वर खिडकीची काच. पेटी परसात दक्षिणेकडं तोंड करून तिरकी ठेवली. न्हाणीघराच्या माळ्यावर लोखंडी टाकी चढवली. पाणी पेटीत तापायचं आणि आपोआप टाकीत चढायचं. ‘‘गरम पाणी हलकं,’’ अण्णा सांगायचे, ‘‘मोठ्या साहेबासारखं. आपोआप वर जातंय.’’ खरंच जायचं. दुपारी चार वाजता टाकीच्या तोटीखाली हात धरला तर पटकन मागं घ्यावा लागायचा.

अडचण एकच होती. दुपारी चार वाजता आमच्या घरात कुणी आंघोळ करत नव्हतं.

अण्णा आठवडाभर दुपारी आंघोळ करून, दाढी करून, भांग पाडून ओसरीवर बसले. येणारे-जाणारे विचारायचे, कुठं लग्नाला निघालाय का. शेजारी एक बस कंडक्टर भाड्यानं राहायचे, ते चारच्या सुमाराला ड्युटीवरून परत यायचे. त्यांना हे यंत्र फार आवडलं. सूर्यशक्तीचा खरा लाभ त्या वर्षी एकट्या त्या कंडक्टरांना झाला.

काकीनं ते पाणी हातावरही घेतलं नाही. अण्णांनी तिला समजावलं, की टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत कोमट राहतं, बंब पेटवायची गरजच नाही. काकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘काल भरल्यालं, काल तापल्यालं पाणी. शिळी भाकरी खाईन मी. शिळ्या पाण्यानं आंघुळ करून देवाम्होरं न्हाय बसायची.’’

विषय संपला. या देशात आंघोळ पहाटे होते आणि ऊन दुपारी पडतं, ही गोष्ट ओव्हरसियराच्या हिशेबात आली नव्हती. त्यात उन्हाळा लागला तशी पेटीची काच गल्लीतल्या बायकांच्या नजरेत भरली. एवढी सपाट, स्वच्छ, तापलेली जागा. एका शनिवारी मी आलो तर सगळ्या काचेवर सांडगे आणि कुरडया वाळत होत्या, आणि पेटीतलं पाणी आडाच्या पाण्याहून गार होतं. अण्णा समोर हात मागं बांधून उभे होते. सूर्य आणि पाणी यांच्यामध्ये कुरडई येईल, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या टप्प्याची कल्पना त्यांना बेळगावात सुचली. कॅम्पात जुन्या सामानाचा लिलाव होता आणि त्यात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला एक फ्रिज निघाला होता. उंची माझ्याएवढी, दार बँकेच्या तिजोरीसारखं आणि आवाज गिरणीचा. अण्णांनी त्याच्या मागच्या काळ्या जाळीला हात लावून पाहिला आणि ती गरम लागली. तिथंच तो फ्रिज आमचा झाला.

मला त्यांनी त्यातलं तत्त्व घरी येताना ट्रकच्या हौद्यात, फ्रिजला टेकून समजावलं. ‘‘आडातलं पाणी आपसूक वर येतंय व्हय? न्हाय. पंप लावला की येतंय. तसंच हाय हे. गार जागेतली उरलीसुरली ऊब उपसायची आन् गरम जागेत नेऊन वतायची. फ्रिज म्हंजे ऊब उपसायचा पंप. लोक त्याच्यात भाजी ठेवत्यात, ते येडं हायत.’’

बेत असा होता. फ्रिजच्या मागची जाळी काढायची, तिच्या जागी तांब्याची नळी जोडून ती भिंतीतून वर नेऊन माळ्यावरच्या टाकीत बुडवायची. दिवसा ऊन पाणी तापवेल, रात्री फ्रिज ते गार होऊ देणार नाही. शिवाय फ्रिजचं दार मधल्या खोलीत उघडं टाकलं, की खोलीतली ऊब शोषली जाऊन टाकीत जाईल. खोली गार, पाणी गरम. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात आंघोळ, आणि धूर कुठंच नाही. मी इतिहासाचा माणूस. इतकी सोपी योजना ऐकली की मला भीती वाटते. पण तत्त्व खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. पुढं फार वर्षांनी परदेशातल्या घरांत हेच करतात असं वाचलं, तेव्हा अण्णा नव्हते. असते तर त्यांना आश्चर्य वाटलं नसतं. फार तर, ‘‘एवढा उशीर?’’ म्हणाले असते.

फ्रिज दारात आला तेव्हा काकीनं पहिला प्रश्न विचारला, की साहेब यात काय ठेवायचे. अण्णा म्हणाले, लोणी. माळकरी काकीला ते पटलं नाही. मग फ्रिजला परसात आंघोळ घालण्यात आली, गोमूत्र शिंपडलं, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि त्यानंतरच तो उंबरा ओलांडून आत आला. बेळगावहून आलेल्या मेकॅनिकनं नळी जोडली, गॅस भरला आणि बाहेर पडताना फ्रिजला नमस्कार केला. स्वस्तिक पाहून त्याला वाटलं असावं, इथली तशी पद्धत आहे.

यंत्र चाललं. थोडं चाललं, पण चाललं. टाकीतलं पाणी सकाळी हाताला चांगलं ऊन लागायचं. अण्णांना आता एकच ध्यास लागला, की फ्रिजच्या पोटात जितकी ऊब घालू तितकी टाकीत जाईल. चुलीवरून उतरलेलं दूध ते पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, ही ऊब आता निघाली न्हाणीघराकडं. आमटीचंही तेच. एकदा आमच्याकडं पाहुणे आले होते, त्यांनी चहा फार गरम आहे म्हटल्यावर अण्णांनी त्यांच्या हातातली कपबशी घेतली आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. पाहुण्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. काकी मात्र गार ताकावर खूश होती. फ्रिजबद्दलचा तिचा राग निम्मा गेला, पण टाकीतलं पाणी अजून शिळंच होतं आणि बंब रोज पेटतच होता.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं थांबून काकीच्या अडचणीचा विचार केला असता. अण्णांनी उद्घाटन ठेवलं.

गावात एक पुढारी होते. पाणपोई असो, गिरणी असो, कुणाचं बारसं असो, फीत कापायला तेच. त्यांच्या खिशात स्वतःची कात्री असायची असं लोक म्हणत. मी पाहिलेली नाही, पण त्यांना कात्री मागतानाही पाहिलेलं नाही. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, आमची मधली खोली दारं-खिडक्या बंद करून आणि फ्रिज उघडा ठेवून सकाळपासून गार केली होती. मी आत जाऊन आलो होतो. खरंच गार होती. आडात डोकावल्यासारखं वाटायचं. मग फीत कापली गेली आणि पुढारी, त्यांच्या मागून त्यांचे कार्यकर्ते, त्यांच्या मागून गल्ली आणि गल्लीच्या मागून कंडक्टर असे सगळे त्या दहा बाय बाराच्या खोलीत शिरले. दार परत बंद करण्यात आलं.

आमच्याकडं पाहुण्याचा सत्कार शाल आणि नारळ देऊन होतो. तो ऋतू बघून करत नाहीत. अण्णांनी पुढाऱ्यांच्या खांद्यावर जाड लोकरी शाल घातली आणि ती समोरून नीट ओढून घेतली. सत्काराची शाल भाषण संपेपर्यंत काढायची नाही हा आमच्याकडचा अलिखित नियम, आणि भाषण त्यांचंच होतं. ते उभे राहिले. या यंत्रानं सीमाभागाची मान उंचावली, म्हणाले. आमच्यावर इतकी वर्षं अन्याय झाला, पण सूर्य दोन्ही राज्यांत सारखाच उगवतो, म्हणाले. हेच सगळं त्यांनी मग कन्नडमध्ये सांगितलं, कारण एक सरकारी अधिकारीही आले होते. तोवर त्यांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा निघून शालीत शिरत होत्या. खोलीत तीसेक माणसं, प्रत्येकाच्या अंगची ऊब, आणि बिचारा एक फ्रिज. तो उपसत होता, पण झरा मोठा होता.

‘‘आत पाऊल टाकताच,’’ पुढारी म्हणाले, ‘‘महाबळेश्वरला आल्याचा भास होतो.’’ टाळ्या झाल्या. टाळ्यांनी आणखी थोडी ऊब तयार झाली. तेवढ्यात वीज गेली. फ्रिजची घरघर थांबली आणि शांततेत कोणीतरी मागून अगदी हळू म्हणालं, ‘‘आता महाबळेश्वरची गाडी चुकली.’’ पुढाऱ्यांनी तरी भाषण पुरं केलं. शाल अंगावर ठेवूनच ते जीपमध्ये बसले. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून थोडा आदर वाटतो.

काकी त्या गर्दीत नव्हती. ती परसात, आडाच्या कठड्यावर बसली होती. गर्दीच्या खोलीत तिला श्वास घेता येत नसे. मी तिला ताक नेऊन दिलं तेव्हा तिनं विचारलं, झालं का महाबळेश्वर. मग म्हणाली, ‘‘त्यांस्नी वाटतंय मला कळत न्हाय हे कशापायी चाललंय. कळतंय रं. पर देवाचं ते देवाचं.’’

जून लागला. सूर्य ढगांआड गेला तो गेलाच. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे सूर्यानं घेतलेली बिनपगारी रजा. टाकीची सगळी भिस्त आता फ्रिजवर, आणि फ्रिजची विजेवर. पाणी रात्रीत गार व्हायला लागलं. टाकीला गोधडी हवी होती. ऊब धरून ठेवेल, हलकं असेल आणि भरपूर मिळेल असं काहीतरी. आता निपाणीत सर्वांत भरपूर काय मिळतं, हे निपाणीकराला सांगावं लागत नाही. वखारीत तंबाखू झाडल्यावर जो चुरा, काड्या आणि धूळ उरते त्याचे ढीग पडलेले असतात. अण्णांनी पोती भरून आणली, टाकीभोवती पत्र्याचं कुंपण केलं आणि मधली सगळी जागा तंबाखूनं ठासून भरली.

दुसऱ्या गावातल्या माणसाला तसं करायचं सुचलं नसतं. आम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही, कारण तंबाखूचा वास आम्हाला येतच नाही. तो आमच्या हवेचाच वास आहे. पण उन्हात वाळलेली तंबाखू वेगळी आणि पावसाळी ओल लागून खालून शेकली जाणारी तंबाखू वेगळी. पुढच्या एका शनिवारी मी आलो, तेव्हा बस स्टँडवरून घराकडं वळतानाच शिंक आली. दारात कंडक्टर भेटले, तेही शिंकत होते. ओसरीवर अण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते आणि म्हणत होते, हवा बदललीय.

काकी घरात नव्हती. पावसाच्या झडीत, ओसरीच्या अगदी टोकाला, कांबळं गुंडाळून बसली होती. तिला बोलता येत नव्हतं. प्रत्येक श्वास ती आडातून पाणी शेंदल्यासारखा ओढत होती. मी डॉक्टर आणायला पळालो. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत छाती जरा मोकळी झाली. गावातल्या डॉक्टरांनी घरात पाऊल टाकल्याबरोबर दोनदा शिंकून विचारलं, ‘‘इथं काय विडीचा कारखाना काढलाय का?’’

आम्ही तिला शेजारी कंडक्टरांच्या खोलीत निजवलं. अण्णा माळ्यावर चढले आणि तोंडाला पंचा बांधून, हातांनी ओढून ओढून सगळी तंबाखू त्यांनी बाहेर काढली. मी मदतीला गेलो तर मला खाली जा म्हणाले. काढलेला चुरा पावसात परसात टाकला. त्या चिखलात पुढं कैक महिने एक किडा फिरकला नाही.

त्या पावसाळ्यात यंत्र बंद राहिलं. राष्ट्राचाही विषय निघाला नाही. पण एक बदल झाला. पहाटे बंब आता अण्णा पेटवायचे. काकीला त्यांनी मधल्या खोलीत बसवून ठेवलं आणि स्वतः न्हाणीत शिरले. आयुष्यात चूल न पेटवलेला माणूस. रॉकेल ओतून भडका करायचा किंवा फुंकून फुंकून राख डोळ्यांत घ्यायचा. काकी आतून सूचना द्यायची, तुरकाटी आडवी घाला, शेणी मोडून घाला. ते बाहेर यायचे तेव्हा एंजिनातल्या कोळसेवाल्यासारखे दिसायचे. धूर विरेपर्यंत तिला आत जाऊ द्यायचे नाहीत आणि तोवर पाणी कोमट व्हायचं. काकी कोमट पाण्यानं आंघोळ करायची आणि तक्रार करायची नाही. मला तर वाटतं त्या दोघांच्या संसारातले ते सर्वांत प्रेमाचे दिवस असावेत. पण धूर विरत कधीच पुरता नसे, आणि शिट्टी थांबली नव्हती. थंडी पुढं उभी होती, आणि मागच्या थंडीपेक्षा ही तिला जड जाईल, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

गणपती झाल्यावर अण्णा परत कामाला लागले, या वेळी मुकाट्यानं. फ्रिज परत चालू केला, खानापुराकडून भाताचं तूस आणून टाकीभोवती भरलं. आणि तांब्याची आणखी एक लांब नळी वेटोळं करून टाकीत सोडली. टाकीतलं पाणी आता कुणीच वापरायचं नाही. ते तिथंच राहणार, तापत राहणार. पहाटे आडाचं ताजं पाणी काढायचं, टाकीच्याही वर ठेवलेल्या घागरीत ओतायचं, ते वेटोळ्यातून फिरून खाली तोटीला येईल. येता येता तापेल. शिळ्या पाण्याला ताजं पाणी शिवणारसुद्धा नाही, मध्ये तांबं आहे. दीड ओळीत सांगता येणारी ही गोष्ट त्यांना सुचायला वर्ष लागलं, कारण काकीची अडचण ही अडचण आहे असं मानायलाच वर्ष लागलं होतं.

काकीनं सगळं समजून घेतलं. वेटोळं पाहायला शिडीवरसुद्धा चढली. मग विचार करून म्हणाली, ‘‘पाणी ताजं हाय, कबूल. पर ऊन तर कालचंच की.’’

अण्णांचा चेहरा मला आठवतो. खात्यातल्या बिलांवर वरच्या साहेबांनी घेतलेल्या हरकती त्यांनी आयुष्यभर सोडवल्या होत्या, पण ही हरकत वेगळ्याच कचेरीतून आली होती. ते गावातल्या शास्त्रीबुवांकडं गेले. शास्त्रीबुवा म्हणाले, उन्हाच्या शिळेपणाचा उल्लेख शास्त्रात कुठं आढळत नाही. मात्र उल्लेख नाही याचा अर्थ परवानगी आहे असाही होत नाही. अण्णा घरी येऊन म्हणाले, हा मनुष्य आमच्या खात्यात असता तर चीफ इंजिनिअर झाला असता.

दिवाळीला मी सुट्टीवर आलो. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी जेवणं उरकली होती. काकी चुलीपुढं बसून नेहमीचं काम करत होती. चुलीतले दोन जाडसर निखारे बाजूला ओढून त्यांच्यावर राख लोटत होती. असे झाकलेले निखारे सकाळपर्यंत आत धुमसत राहतात. राख सारली, वाळली काडी धरली, की चूल पेटते. मी लहानपणापासून रोज पाहिलेली गोष्ट. अण्णा पाटावर बसून सुपारी कातरत होते, आणि त्यांचे हात थांबले.

‘‘ह्यो इस्तू,’’ ते निखाऱ्यांकडं बघत म्हणाले, ‘‘उद्याच्याला निवद शिजवशील त्यो ह्याच्यावरच का?’’

‘‘मग? कशावर शिजवू?’’

‘‘म्हंजे कालचाच की ह्यो.’’

‘‘कालचा कशाचा,’’ काकी राख थापटत म्हणाली. ‘‘लग्न होऊन आले तवा सासूबाईंनी हवाली केलाय. एक दिस इझू दिला न्हाय मी.’’

मग तिचा हात राखेवरच राहिला. अण्णा सुपारीकडं बघत होते. मी भिंतीकडं. इतिहासाच्या मास्तराला गप्प कधी बसावं हे क्वचितच कळतं, पण त्या वेळी कळलं.

‘‘इस्तू शिळा व्हत न्हाय,’’ शेवटी काकी म्हणाली. मग पदर झटकून उठली. ‘‘उद्या बंब नका पेटवू.’’

अण्णांनी मान हलवली. वादविवादात आयुष्य घालवलेल्या माणसानं जिंकल्यावर एक शब्द बोलू नये, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

पहाटे अंधार होता आणि चांगलीच थंडी पडली होती. मी आडाचं पाणी शेंदून वर देत होतो, अण्णा शिडीवर उभे राहून घागरीत ओतत होते. काकीनं उंबऱ्यापाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, अंगाला तेल-उटणं लावून न्हाणीत गेली आणि दार लोटलं. तोटी सोडल्याचा आवाज आला. मग तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचा.

आणि मग तिनं अभंग म्हणायला सुरुवात केली. आंघोळ करताना अभंग म्हणायचा तिचा परिपाठ होता, पण आम्ही तो ऐकला होता तो तुकड्यातुकड्यानं. एक ओळ, खोकला, अर्धी ओळ, पुन्हा खोकला, आणि कित्येकदा पुढं नुसतीच शिट्टी. त्या दिवशी ती एक कडवं म्हणाली, दुसरं म्हणाली, तिसरं म्हणाली. तिला तो पुरा येत होता, हेच मला माहीत नव्हतं. आवाज काही फार गोड नव्हता.

तेवढ्यात कंडक्टर परसात आले. अण्णांनी त्यांना आदल्या रात्रीच साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं होतं. टॉवेल खांद्यावर टाकून, अंगात स्वेटर घालून ते शिडीखाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, ‘‘काय अण्णा, चाललं का यंत्र?’’

अण्णांनी शिडीवरूनच ओठांवर बोट ठेवलं आणि रिकामी कळशी माझ्याकडं खाली दिली. मी ती भरून परत वर दिली. कंडक्टर दाराशी कान देऊन थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांना यंत्राचा आवाज ऐकायचा होता बहुधा.

काकी बाहेर आली तेव्हा उंबऱ्याला न धरता आली. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, तोंडावर वाफ. सरळ देवघराकडं निघाली होती, ती शिडीपाशी थांबली.

‘‘बरं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘बंबाचं जरा जास्ती कडक असतंय.’’

अण्णा वरूनच म्हणाले, ‘‘उद्यासाठी फ्रिजात दूध थोडं जास्त ठेवू.’’